‘पुढे वाका’ म्हणजे नक्की कुठून? शब्दांतून शरीर उभं करण्याची जुनी गोष्ट

गेल्या पावसाळ्यात पनवेलच्या माझ्या दवाखान्यात एक आजी आल्या. वय ६८. (ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदलले आहेत.) सोबत कॉलेजात जाणारा नातू. वर्षभर आजींची कंबर भरून यायची, म्हणून नातवानं मोबाइलमधल्या एआयला विचारलं होतं, “आजीची कंबर दुखते, व्यायाम सांग.” उत्तर चांगल्या मराठीत आलं. त्यातल्या एका व्यायामाच्या चार ओळी अशा होत्या : जमिनीवर पाय पसरून बसा, पाठ सरळ ठेवा, श्वास सोडत पुढे वाका, हातांनी पायांचे अंगठे धरा.

आजींनी पंधरा दिवस नेमानं केलं. मग एका सकाळी पाठीत कळ आली ती थांबेचना. एक्स-रेमध्ये पाठीचा एक मणका पुढच्या बाजूनं चेपलेला दिसला. पुढे डेक्सा तपासणी केली तेव्हा हाडं बरीच ठिसूळ झाल्याचं कळलं. ते आधी कोणालाच माहीत नव्हतं.

“डॉक्टर, मी सगळं सांगितल्याप्रमाणेच केलं हो,” आजी म्हणाल्या. मी नातवाला विचारलं, “तू करून दाखव बरं.” तो खाली बसला, पाठ फळीसारखी ताठ ठेवून खुब्यातून वाकला आणि अंगठे धरले. “आता आजी कशा करायच्या ते दाखव.” त्यानं हनुवटी छातीला लावली, पाठीची पूर्ण कमान केली आणि कसेबसे हात पायांपर्यंत पोचवले. खुबा मात्र जागचा हलला नाही.

वाक्य एकच, पण शरीरं दोन झाली. हे असं का होतं, याचं उत्तर शोधत मी बराच मागे गेलो. शब्दांतून शरीराची स्थिती घडवण्याचा प्रश्न संगणकाच्या कितीतरी आधीचा आहे, आणि त्याचा बराचसा इतिहास आपल्या महाराष्ट्रात घडला आहे. आज तो तुम्हाला सांगतो, कारण त्याचा तुमच्या कंबरेशी थेट संबंध आहे.

आधी एक प्रयोग करा

वाचता वाचता एवढं करा : उजवा हात वर करा.

केलात? आता पाहा. तळवा समोर आहे की कानाकडे? कोपर ताठ आहे की थोडं वाकलेलं? हात समोरून वर नेलात की बाजूनं? खांदा उचलून कानाला लागला का? यातलं मी काहीही सांगितलं नव्हतं. तुम्ही ते आपोआप ठरवलं.

कोपर दाराच्या बिजागरीसारखं असतं, मुख्यतः एकाच दिशेनं उघडतं-मिटतं. खांदा आणि खुबा हे मात्र उखळीत बसवलेल्या गोळ्यासारखे. ते तीन प्रकारे फिरू शकतात. पाठीच्या कण्यात तर एकावर एक रचलेले मणके, आणि प्रत्येक जोडीत थोडी थोडी हालचाल. ‘हात वर करा’ या तीन शब्दांत एवढं सगळं मावत नाही. शाळेच्या पेपरात ‘गाळलेल्या जागा भरा’ असा प्रश्न असायचा ना, व्यायामाचं प्रत्येक वाक्य तसंच असतं. मधुमेहामुळे ज्यांचा खांदा आखडला आहे त्यांना हाच हात वर करायला सांगा. ते कंबरेतून तिरके होतात, खांदा उचलतात, आणि हात वर गेला असं समजतात. त्यांनी जागा भरली खरी, पण भलत्याच सांध्यानं.

म्हणून खरा प्रश्न असा, की या गाळलेल्या जागा भरतं कोण?

देवगिरीचा हिशेबनीस

तेराव्या शतकात देवगिरीला, म्हणजे आजच्या दौलताबादला, यादव राजा सिंघण याच्या दरबारी शार्ङ्गदेव नावाचे अधिकारी होते. घराणं मूळचं काश्मीरचं, काम राज्याच्या हिशेबाचं. त्यांनी ‘संगीतरत्नाकर’ हा ग्रंथ लिहिला. आम्हा डॉक्टरांना त्याचं विशेष वाटावं अशी एक गोष्ट त्यात आहे. गाण्याबद्दलच्या या ग्रंथाच्या पहिल्याच अध्यायात गर्भाची वाढ कशी होते आणि शरीराची रचना कशी आहे, याचं वर्णन येतं. आवाज शरीरातून निघतो, तेव्हा आधी शरीर समजून घ्या, असा तो विचार. सातवा आणि शेवटचा अध्याय नृत्याचा आहे आणि त्यात ‘करणं’ सांगितली आहेत.

करणांची मूळ यादी भरताच्या नाट्यशास्त्रातली. चौथ्या अध्यायात १०८ करणं आहेत, आणि एकेका करणाचं वर्णन बहुतेक एका श्लोकात उरकलेलं. दोन ओळींत अख्खं शरीर कसं मावतं? युक्ती अशी : पायाच्या ठेवणीला नाव, हाताच्या मुद्रेला नाव, कुशीच्या झुकण्यालाही नाव. या नावांच्या व्याख्या ग्रंथात दुसरीकडे दिलेल्या असतात. पहिलं करण ‘तलपुष्पपुट’. त्यात हातांची ओंजळ, पायाची टाच उचललेली आणि कूस एका बाजूला कललेली. श्लोकात फक्त नावं येतात, अर्थ तुम्ही कोशातून आणायचा. एखाद्या यंत्राचे सुटे भाग आणि ते जोडण्याची सूचना, असंच हे लेखन आहे.

तरीही जागा गाळलेल्या राहतातच. तामिळनाडूत चिदंबरमच्या मंदिराच्या गोपुरांवर ही करणं शिल्पांत आहेत आणि शिल्पांबरोबर त्या त्या करणाचा श्लोकही कोरला आहे. म्हणजे मजकूर आणि चित्र शेजारी शेजारी! पण शिल्पकार एकच क्षण कोरू शकतो. नृत्यांगना आणि संशोधक पद्मा सुब्रह्मण्यम यांनी श्लोक आणि शिल्पं वर्षानुवर्षं ताडून पाहिली आणि मांडलं, की करण ही स्थिर ‘पोझ’ नाही, ती हालचाल आहे. शिल्पात तिचा एक क्षण तेवढा गोठलेला दिसतो.

त्यांच्या अभ्यासावर आधारलेली शिल्पं पाहायला तुम्हाला तामिळनाडूपर्यंत जायची गरज नाही. साताऱ्यात उत्तर चिदंबरम नटराज मंदिर आहे, तिथल्या करणशिल्पांचे आराखडे पद्मा सुब्रह्मण्यम यांचेच. श्लोकाचं शरीर, शरीराचा आराखडा आणि आराखड्याचं शिल्प असा तो प्रवास आहे. पुढच्या वेळी साताऱ्याला गेलात तर मुद्दाम थांबा.

रुग्णांसाठी यातला धडा सोपा आहे. चित्रात दिसते ती शेवटची स्थिती. तिथपर्यंत कसं जायचं आणि तिथून परत कसं यायचं, हे चित्र सांगत नाही. मी पाहिलेल्या दुखापतींपैकी कित्येक जाताना किंवा येतानाच झालेल्या आहेत.

गुरू समोर असताना

आता आजींच्या व्यायामाकडे येऊ. त्याचं नाव पश्चिमोत्तानासन. पंधराव्या शतकाच्या सुमारास स्वात्माराम यांनी लिहिलेल्या ‘हठप्रदीपिका’ या ग्रंथात ते आहे. थोडक्यात सांगणं असं, की पाय काठीसारखे लांब करावेत, हातांनी पायांची टोकं धरावीत आणि कपाळ गुडघ्यांवर टेकवावं. वाकायचं खुब्यातून की पाठीतून, हे श्लोक सांगत नाही.

स्वात्माराम विसरले असं नाही. त्यांना ते लिहायची गरज नव्हती. श्लोक हा शिष्याला आठवण राहावी म्हणून होता, शिकवायला गुरू समोर बसलेला होता. शिष्याची पाठ गोल झाली की गुरूचा हात कंबरेवर पडे. गाळलेली जागा गुरू भरत असे, तीसुद्धा त्या एका शिष्याचं शरीर पाहून.

अडचण सुरू झाली ती गुरू नसताना पुस्तक हाती आलं तेव्हा.

छपाई, फोटो आणि क्ष-किरण

पनवेलहून बोरघाट चढला की लोणावळा. १९२४ मध्ये तिथे स्वामी कुवलयानंदांनी, म्हणजे जगन्नाथ गणेश गुणे यांनी, कैवल्यधाम सुरू केलं आणि त्याच वर्षी ‘योगमीमांसा’ हे नियतकालिक काढलं. त्याच्या थोडं आधी बडोद्यात त्यांनी योगक्रिया करणाऱ्या माणसांचे क्ष-किरण फोटो काढवून घेतले होते. नौली करताना मोठ्या आतड्यातला दाब बाहेरच्या हवेपेक्षा कमी होतो, हे त्यांनी मोजून दाखवलं. ‘असं करा’ या जुन्या वाक्याला त्यांनी पुढचा प्रश्न जोडला : असं केल्यावर आत नेमकं काय होतं? पुढे १९७० मध्ये याच संस्थेनं हठप्रदीपिकेची अनेक हस्तलिखितं ताडून सिद्ध केलेली संशोधित आवृत्तीही काढली.

त्याच काळात सातारा भागातल्या औंध संस्थानचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी सूर्यनमस्काराच्या प्रसाराला लागले होते. शाळेत शेकडो मुलांकडून एकदम नमस्कार घालून घ्यायचे तर प्रत्येकामागे गुरू कुठून आणणार? त्यांनी नमस्काराच्या दहा अवस्था पाडल्या, त्यांना आकडे दिले आणि पुस्तकात फोटो छापले. बडोद्याहून द. चिं. मुजुमदार यांनी १९३६ पासून ‘व्यायाम ज्ञानकोश’ दहा खंडांत काढला आणि मराठी वाचकाच्या घरात तालमीचं ज्ञान आणून ठेवलं.

पुण्याचे बी. के. एस. अय्यंगार यांचं ‘लाइट ऑन योगा’ १९६६ मध्ये लंडनहून निघालं. त्यात सुमारे ६०० फोटो आहेत. पण मला त्यांचं मोठेपण दुसऱ्या गोष्टीत दिसतं. फोटोतलं शरीर आणि समोरच्याचं शरीर यांत अंतर आहे, हे त्यांनी मान्य केलं आणि त्या अंतरात दोरी, पट्टा, लाकडी ठोकळा, खुर्ची, घडी केलेलं घोंगडं आणून ठेवलं. हात पायांपर्यंत पोचत नाही? मग पाठ वाकवू नका, पायात पट्टा अडकवा आणि पट्टा धरा. आजींना त्या चार ओळींत ही एक ओळ मिळाली असती तर, असं मला वारंवार वाटतं.

७२ आकड्यांचा माणूस

आजींच्या मोबाइलनं फक्त शब्द दिले. पुढचं पाऊल आता पडलं आहे. तुम्ही वाक्य लिहायचं आणि संगणकानं त्या स्थितीतलं मानवी शरीर पडद्यावर उभं करायचं. हे कसं चालतं, ते थोडक्यात सांगतो.

२०१५ मध्ये जर्मनीतल्या ट्युबिंगेनच्या माक्स प्लांक संस्थेतल्या संशोधकांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘सिंपल’ (SMPL) नावाचं संगणकी शरीर तयार केलं. त्याची कातडी म्हणजे ६,८९० बिंदूंचं जाळं. आत २४ सांधे आणि प्रत्येक सांधा किती व कुठे फिरला हे सांगायला तीन आकडे. चोवीस त्रिक बहात्तर. हे ७२ आकडे दिले की शरीर वाकतं, बसतं, हात उचलतं.

आता शब्द आणि आकडे यांची गाठ घालायची. २०२२ मध्ये ‘पोझस्क्रिप्ट’ या कामात युरोपातल्या संशोधकांनी हजारो शरीरस्थितींची वर्णनं जमवली. काही माणसांकडून लिहून घेतली, आणि काही संगणकानंच तयार केली. गुडघ्याचा कोन किती, दोन्ही हातांत अंतर किती, कोणता अवयव कोणाच्या वर, हे मोजायचं. त्यातून ‘डावा गुडघा वाकलेला, हात एकमेकांजवळ’ असे तुकडे करायचे आणि ते जोडून वाक्यं बनवायची. ओळखीचं वाटलं ना? प्रत्येक अवयवाच्या ठेवणीला नाव द्यायचं आणि नावांची मोळी बांधायची, ही नाट्यशास्त्राची आणि आपल्या देवगिरीच्या हिशेबनीसाचीच रीत आहे. मग यंत्राला उलटा प्रवास शिकवायचा, म्हणजे वाक्य दिलं की आकडे काढायचे. २०२४ मध्ये मांडलेल्या ‘चॅटपोझ’मध्ये तर गप्पा मारणारं भाषा-मॉडेलच हे काम करतं. बोलता बोलता ते एक खास खूण सोडतं आणि त्या खुणेतून शरीराचे आकडे निघतात.

काम कौतुकाचं आहे. पुढेमागे एखाद्या खेड्यातल्या रुग्णाला फिजिओथेरपिस्टनं लिहिलेल्या ओळी घरबसल्या चित्रात दिसतील, तर मला आनंदच होईल. पण यंत्र गाळलेल्या जागा कशानं भरतं, हे तुम्हाला माहीत असावं. शिकताना पाहिलेल्या शरीरांत जे सर्वांत संभवनीय होतं, त्यानं ते जागा भरतं. ती बरीचशी शरीरं स्टुडिओत अंगावर खुणा लावून हालचाली टिपून घेतलेल्या माणसांची, आणि पोझस्क्रिप्टची वर्णनं इंग्रजीतली. आपल्याकडे बसण्याचेच किती शब्द आहेत पाहा : मांडी घालून, उकिडवं, फतकल मारून, एक गुडघा उभा करून. निजणं उताणं, पालथं किंवा कुशीवर. शाळेत अंगठे धरून ओणवं उभं राहण्याची शिक्षा ज्यांनी भोगली आहे, त्यांच्या पाठीला ‘ओणवं’ या शब्दाचा अर्थ पक्का ठाऊक असतो. यंत्राला तो कितपत ठाऊक आहे, हे तुम्हीच तपासून पाहा.

आणि सर्वांत मोठी गोष्ट अशी, की त्या ७२ आकड्यांत कातडी आहे आणि सांधे आहेत. पण हाडांची घनता नाही, रक्तदाब नाही, जुनं ऑपरेशन नाही आणि ‘आई गं’ नाही.

ठिसूळ हाडांना हे वाक्य का महाग पडतं

मणक्याचा पुढचा भाग जाळीदार हाडाचा असतो. पाठ गोल करून वाकलं की भार मणक्याच्या पुढच्या कडेवर येतो. हाडं मजबूत असतील तर ती हा भार पेलतात. ठिसूळ असतील तर कडा चेपते आणि मणका पाचरीसारखा होतो. खुब्यातून वाकलं तर पाठ सरळ राहते आणि हा भार बराच कमी होतो.

१९८४ मध्ये अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकच्या डॉक्टरांनी, मणक्यांची हाडं ठिसूळ झालेल्या ५९ स्त्रियांचा अभ्यास प्रसिद्ध केला. पाठ मागे नेण्याचे व्यायाम करणाऱ्यांपैकी १६ टक्क्यांना पुढच्या काळात मणके नव्यानं चेपल्याचं दिसलं. पुढे वाकण्याचे व्यायाम करणाऱ्यांत हे प्रमाण ८९ टक्के होतं. गट लहान होते, पुढे वाकणाऱ्या गटात फक्त नऊ जणी होत्या. तरी फरक दुर्लक्ष करण्याजोगा नाही.

पण म्हणून ‘खुब्यातून वाका’ हे वाक्य सर्वांना बरोबर असं समजू नका. खुब्याचा सांधा बदलला असेल, तर काही प्रकारच्या शस्त्रक्रियांनंतर सुरुवातीचे काही आठवडे खुबा ९० अंशांपेक्षा जास्त वाकवायचा नसतो. काचबिंदू असेल तर डोकं खाली करण्याची आसनं जपून, विचारूनच. चेन्नईत ७५ योगसाधकांवर झालेल्या अभ्यासात शीर्षासनात डोळ्यांतला दाब जवळपास दुप्पट झालेला आढळला होता. एकच गाळलेली जागा, पण प्रत्येकाचं उत्तर निराळं.

मग करायचं काय?

मोबाइलला व्यायाम विचारूच नका, असं मी म्हणणार नाही. तुम्ही विचारणारच. फक्त एवढं पाळा :

१. विचारताना नुसतं ‘कंबर दुखते’ असं लिहू नका. वय, आजार, ऑपरेशनं, चालू औषधं लिहा. नाव, पत्ता, फोन नंबर मात्र लिहू नका.

२. साठीच्या पुढे असाल, किंवा पाळी लवकर गेली असेल, किंवा बरेच महिने स्टेरॉइडच्या गोळ्या घेतल्या असतील, तर पुढे वाकण्याचे आणि पाठ पिळण्याचे व्यायाम सुरू करण्याआधी हाडांबद्दल डॉक्टरांना विचारा.

३. प्रत्येक ओळीला तीन प्रश्न विचारा : हालचाल कोणत्या सांध्यातून? कुठपर्यंत? परत कसं यायचं? उत्तर मिळत नसेल तर ती ओळ अपुरी आहे.

४. घरच्या कोणाला तरी बाजूनं व्हिडिओ काढायला सांगा आणि तो घेऊन डॉक्टरकडे किंवा फिजिओथेरपिस्टकडे या. ‘मी बरोबर करतो’ यापेक्षा तो व्हिडिओ आम्हाला जास्त सांगतो.

५. व्यायामानंतर स्नायू थोडे अवघडणं वेगळं. अचानक आलेली कळ, पायात मुंग्या, पायातली ताकद कमी होणं किंवा लघवी-संडासवरचा ताबा जाणं यांपैकी काही झालं तर व्यायाम तिथेच थांबवा आणि वेळ न घालवता डॉक्टरकडे जा.

आजी आता बऱ्या आहेत. औषधं चालू आहेत आणि फिजिओथेरपिस्टनं दिलेले व्यायाम त्या करतात. ते कागदावर लिहून दिले होते, पण मागच्या खेपेला आजींनी तो कागद मला दाखवला तेव्हा त्यावर नातवाच्या अक्षरात मजकूर वाढलेला होता. ‘पाठ टेकून’च्या पुढे ‘स्वयंपाकघराच्या दारामागच्या भिंतीला’. ‘खुर्चीवरून उठा’च्या पुढे ‘लाकडी खुर्ची, प्लॅस्टिकची नाही’. ‘दहा वेळा’च्या पुढे ‘दुखलं तर सहा’.

“हे कोणी सांगितलं?” मी विचारलं.

“कोणी कशाला सांगायला हवं?” आजी म्हणाल्या. “मी करत होते, तो बघत होता. बघून लिहिलंन.”